शोकेसमधली मी

३ जानेवारी

आज अण्णांची डार्करूम उघडली. उघडली म्हणजे कुलूप तोडलं. किल्ली कुठे ठेवली ते एक अण्णाच जाणोत, आणि ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत सगळं जसंच्या तसं. ट्रे, चिमटे, लाल दिवा, कोपऱ्यात आमचं रिटचिंगचं उतरतं टेबल. औषधांचा आंबूस वास अजून भिंतींना चिकटून आहे. मी दारातच उभी राहून छाती भरून वास घेतला. मागून हे म्हणाले, "आत जाणार आहेस, की बाहेरूनच पोट भरणार?" यांनी सारा जन्म बेकरीची गाडी चालवली, त्यामुळे वास म्हटला की यांना फक्त पावाचा कळतो. मला या वासात वडिलांच्या मागे मागे फिरलेलं माझं अख्खं लहानपण दिसलं आणि डोळे भरून आले.

ठरवलंय ते लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. स्टुडिओत आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि फ्रेमा, एवढंच उरलंय. पुढची खोली रिकामी करायची आणि अण्णांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. निगेटिव्हची खोकी माळ्यापर्यंत रचलेली आहेत. आसपासच्या निम्म्या घरांतल्या बायका त्यांत सापडतील, तरुण आणि नटलेल्या. निवडक घेऊन मोठे प्रिंट करायचे. आणि मधोमध माझा शोकेसमधला फोटो.

७ जानेवारी

त्या फोटोबद्दल एकदा नीट लिहायलाच हवं.

मी तेव्हा बावीस वर्षांची. फिकट पिवळा फ्रॉक, कमरेला पट्टा, मागे काळा पडदा, आडव्या दांड्यांच्या लाकडी खुर्चीत जराशी तिरपी बसलेली. कंबर अशी की मुठीत मावावी. अण्णांनी तो मोठा करून रस्त्याकडच्या शोकेसमध्ये लावला आणि रस्ताभर बोलबाला झाला. मुली आत येऊन शोकेसकडे बोट दाखवायच्या, "आमचा पण तसाच काढा." अण्णा गालात हसायचे. उन्हानं पार विटेपर्यंत तो फोटो तिथे होता. नंतर मी तो काढून आमच्या जेवणघरात लावला, तो अजून आहे.

दुःख एकच. इकडे फोटो लागला आणि तिकडे मी सुटले. बघता बघता. लोक आधी शोकेस बघायचे, मग दुकानात मला बघायचे आणि म्हणायचे, "अगं, फोटोत किती वेगळी दिसतेस!" एक लांबची मावशी तर तोंडावर म्हणाली, "काय गं, इतक्यात अंग धरलंस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी भात सोडला, गोड सोडलं. पण एकदा गेलेली कंबर काही परत आली नाही. त्या थोड्याशा दिवसांत मी असं काय खाल्लं होतं, देव जाणे.

ते जाऊ दे. आज एक कल्पना सुचली आणि मी एकटीच हसले. आमची मुंगी आता बावीस वर्षांचीच आहे. (लहानपणी साखरेचा डबा उघडला की कुठूनही हजर व्हायची, म्हणून मुंगी. खरं नाव आता शाळेच्या दाखल्यावरच उरलंय.) तोच फ्रॉक, तीच खुर्ची, तोच पडदा, आणि फोटो मुंगीचा. दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे. आई आणि लेक, एकाच वयाच्या.

११ जानेवारी

ट्रंकेतून फ्रॉक काढला. डांबरगोळ्यांचा वास, पण रंग शाबूत. मुंगीनं घालून बघितला तर चेन सर्रकन वर गेली. पट्ट्याचं भोकसुद्धा तेच लागलं, मी वापरून वापरून मोठं केलेलं. मी चाटच पडले. मुंगी काही काडी नाही. रोपवाटिकेत दिवसभर कुंड्या आणि मातीची पोती उचलते, दंड कसे पहिलवानासारखे झालेत. मग लक्षात आलं, कापड इतक्या वर्षांत सैल पडलं असणार. सुती कापडाचं असंच होतं.

मुंगी आरशासमोर उभी राहिली. मग जेवणघरातला फोटो काढून आणला, तो हातात धरून उभी राहिली. एकदा फोटोकडे, एकदा स्वतःकडे.

"आई, फ्रॉक तर बसला. मग मी अशी का दिसत नाही?"

"अजून थोडं कमी केलंस की दिसशील," मी म्हटलं. "वेळ आहे की भरपूर."

तिनं मान हलवली. हट्ट नाही, वाद नाही. गुणी पोर आहे.

१९ जानेवारी

मुंगीनं चहातली साखर सोडली! मुंगीनं! हे म्हणाले, "आता हिचं नाव बदलायला पाहिजे." सकाळी नुसता चहा घेऊन कामाला जाते, डबा नेत नाही, संध्याकाळी वाटीभर सूप. माझ्यात हा निग्रह कधीच नव्हता. मी सोडायचे, चार दिवसांनी धरायचे, मग रडत बसायचे. ही कुणावर गेली कोण जाणे. मला मनातून फार अभिमान वाटला, तो मी तिला बोलूनही दाखवला. ती लाजली.

२ फेब्रुवारी

दिवसभर खोकी चाळली. एकेक निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि जुना माणूस ओळखायचा, असा खेळच झाला. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, तरी मला लगेच ओळखता येतं. कितीतरींवर माझाच हात आहे.

त्या दुपारी आठवल्या. दुकानात गिऱ्हाईक नसायचं. अण्णा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये ते उतरतं टेबल, खालच्या आरशातून काचेवरच्या निगेटिव्हवर येणारा उजेड. अण्णांच्या पेन्सिलीचं टोक सुईसारखं असायचं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीखालची घडी, ओठावरची लव, सगळं पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांनी भरून काढायचं. आणि जिथे अंग जास्त असेल, दंड, कंबर, मान, तिथे पात्यानं कडेकडेनं हलकेच खरवडायचं, म्हणजे तेवढा भाग मागच्या काळ्या पडद्यात मिसळून जातो. गिऱ्हाईक फोटो बघून म्हणायचं, "अगदी मी!" आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही, नाहीतर हसू फुटलं असतं.

अण्णा सांगायचे, "चेहरा बघत बसायचं नाही. काम कुठे आहे ते बघायचं." ती सवय माझी अजून गेलेली नाही. कुणीही समोर आलं की आधी मला काम दिसतं. डॉक्टरांचं नाक, शेजारणीची मान. कुणाला सांगत नाही, पण मनातल्या मनात हात चालूच असतो.

किती सुंदर दिवस होते. अण्णा फार कमी बोलायचे, पण त्या टेबलापाशी मी त्यांची सगळ्यात लाडकी होते.

माझी निगेटिव्ह मात्र अजून सापडलेली नाही. ती अण्णांनी मला कधीच हाताळू दिली नव्हती. "ही माझी," म्हणायचे.

१२ फेब्रुवारी

मुंगीला सारखी थंडी वाजते. दुकानात मी पंखा लावते आणि ही स्वेटर घालून बसते. न्हाणीघरात केसांचा गुंता सापडला. पाणी बदललंय बहुतेक. या महिन्यात पाळी चुकली म्हणत होती. मी म्हटलं, कामाची दगदग, होतं असं.

चेहरा मात्र काय सुरेख निघालाय! गालांची हाडं दिसायला लागली. काम फारसं राहिलेलंच नाही.

यांच्यावर उगाच खेकसली. यांनी ताटात अंडं वाढलं तर ताट सरकवून उठून गेली. हे माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "वयच आहे."

२३ फेब्रुवारी

आज फोटोची चाचणी घेतली. पडदा लावला, खुर्ची पुसली, मुंगीला बसवलं. जुना फोटो शेजारी टेकवून ठेवला, म्हणजे सगळं तंतोतंत जमेल. फ्रॉक आता तिला लोंबतो, मागून चिमटे लावले.

आणि जमेना. जुन्या फोटोत खुर्चीच्या पाठीचा मधला दांडा माझ्या कमरेपर्यंत पोचतच नाही. अलीकडेच संपतो, अर्धा तुटल्यासारखा, मग थोडा काळोख, मग मी. मुंगीच्या फोटोत तो सरळ तिच्या कमरेमागे जातो. खुर्ची तीच. मी कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, वर केला, खाली केला. मुंगीला म्हटलं आणखी तिरकी हो. दुपार गेली. बिचारी एका शब्दानं बोलली नाही. शेवटी तिला उठताना भोवळ आली, खुर्चीला धरून उभी राहिली.

अण्णांची लेन्स वेगळी होती, त्याचाच हा फरक असणार.

जाताना तिनं विचारलं, "अजून किती कमी करू?"

मी म्हटलं, "थोडंसंच." आता लिहिताना वाटतंय, नको म्हणायला हवं होतं का? पण प्रदर्शन जवळ आलंय, आणि इतकं केलंय तर शेवटी थांबायचं कशाला.

४ मार्च

मुंगी कामावर कोसळली.

रोपवाटिकेच्या मालकीणबाई स्वतः टेम्पोतून घेऊन आल्या. मुंगीच्या कपाळाला खोक, कपड्यांना माती. बाई दारातच मला म्हणाल्या, "आठवडाभर झाला, हिला साधी कुंडी उचलवत नाही. तुम्ही घरात बघत नाही का हो पोरीकडे?" बघत नाही? मी दुसरं करते तरी काय!

दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला काही विचारलं, मग आम्हाला बाहेर बसवून बराच वेळ एकटीशी बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, हृदयाचे ठोके फार मंद आहेत, रक्त नाही, असंच चाललं असतं तर काहीही होऊ शकलं असतं. "काहीही" म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

५ मार्च

बाकावर बसल्या बसल्या आमचं भांडण झालं. दवाखान्यात, चारचौघांत, या वयात.

मी रडत रडत म्हटलं, "माझ्यासारखी कंबर व्हावी म्हणून केलं हो पोरीनं."

हे म्हणाले, "तुझी कधी होती तशी?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "फोटो बघितला नाहीत?"

"बघितला की. रोज पाव टाकायला यायचो, रोज बघायचो. मला वाटायचं, कुणीतरी नटी असेल. किंवा तुझी मोठी बहीण, लग्न होऊन गेलेली." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "अगं, मी शोकेसमधलीसाठी थोडाच थांबायचो? आत काउंटरमागे एक गोल चेहऱ्याची मुलगी कानामागे पेन्सिल खोचून माझाच पाव खात बसलेली असायची. मी तिच्यासाठी थांबायचो."

"म्हणजे मी तेव्हाही जाडीच होते!"

"जाडी कोण म्हणतंय? होतीस तशी होतीस. आज आहेस तशीच."

मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. इतकी वर्षं हा माणूस मनात हे घेऊन माझ्याबरोबर राहिला, आणि बोलला नाही. म्हणे, "तू इतकी खूश असायचीस त्या फोटोवर, कशाला बोलायचं."

७ मार्च

मुंगी घरी आली, झोपून आहे. यांच्याशी मी बोलत नाही.

यांना खोटं पाडायचं म्हणून सकाळपासून निगेटिव्ह शोधली. प्रिंटवर विश्वास नसेल तर निगेटिव्ह दाखवीन, म्हटलं. रिटचिंगच्या टेबलाखालच्या खणात सापडली, तलम कागदात गुंडाळलेली, वर अण्णांच्या अक्षरात माझं घरातलं नाव.

टेबलावर लावली. दिवा पेटवला. भिंग घेतलं.

लिहवत नाही, पण लिहिते.

कमरेच्या दोन्ही बाजूंनी पातं फिरलंय. जराजरासं नाही. बोटभर. दंडांवरून, मानेवरून, गालांच्या कडेनंसुद्धा. इतकं नाजूक, इतकं सफाईदार काम मी अण्णांच्या हातून दुसरं कधी बघितलं नाही. माझं अंग जिथे होतं तिथून खरवडून काढलं आणि त्याच्यामागे लपलेले खुर्चीचे दांडे नंतर पेन्सिलीनं ओढून कमरेला भिडवले. सगळे जोडले. मधला एक राहून गेला.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरा खरवडल्या. पात्याची खूण मी अंधारातही ओळखीन. आणि माझ्याच फोटोतला तो अर्धा दांडा मला एवढी वर्षं जेवताना समोर दिसत होता.

म्हणजे मी सुटले नव्हते. फोटो लागल्यावर मी काहीसुद्धा जास्त खाल्लं नव्हतं. लोक म्हणायचे "वेगळी दिसतेस", कारण फोटोतली मी नव्हतेच. पट्ट्याचं भोक तेच लागलं होतं, कापड सैल पडलं नव्हतं. मी कुठलीच कंबर घालवली नव्हती. जी नव्हतीच ती शोधत मी म्हातारी झाले.

अण्णांचा राग यायला हवा. येतो, आणि लगेच विरतो. त्यांना लाड करायची एकच पद्धत ठाऊक होती. तासन्‌तास वाकून, श्वास रोखून, त्यांनी माझे लाडच केले. पण अण्णा, मी तुम्हाला तशी चालत नव्हते का हो?

संध्याकाळी स्पिरिट आणि कापूस घेऊन चेहऱ्यावरची पेन्सिल पुसली. तिथे मी निघाले. डोळ्यांखाली गडद, हनुवटीला घडी, नाकावर एक फोड. हसरी आहे मी, हे मला माहीतच नव्हतं. कमरेचं काही करता येत नाही. पेन्सिल पुसली जाते, पात्यानं नेलेलं परत येत नाही. बाविसाव्या वर्षी मी कशी होते, ते आता मला कधीच बघायला मिळणार नाही. त्यासाठी खूप रडले.

९ मार्च

मुंगीला हाताला धरून टेबलापाशी आणलं. भिंग तिच्या डोळ्याला लावलं. दांडा दाखवला, खरवडलेली कड दाखवली, सगळं सांगितलं. मला वाटलं, पोर माझ्या गळ्यात पडेल, म्हणेल, चला, सुटलो. मी तर तयारीच ठेवली होती रडायची.

तिनं शांतपणे बघितलं. भिंग खाली ठेवलं.

"फोटो खोटा आहे हे मला चाचणीच्याच दिवशी कळलं होतं, आई. तू कॅमेरा हलवत होतीस तेव्हा मी दांडाच बघत होते."

"मग तेव्हाच का नाही थांबलीस? का नाही बोललीस?"

"फोटोसाठी कुठे चाललं होतं?" ती म्हणाली. "तू बघतेस ना, त्यासाठी. लहानपणापासून. मी जेवायला बसले की तू माझ्याकडे बघतेस. बोलत काही नाहीस. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की तुझी नजर आधी भांड्याकडे जाते, मग माझ्या दंडाकडे. आणि मग तू हसतेस. मला वाटायचं, एकदा असं व्हावं की तुझी नजर माझ्यावरून जावी आणि कुठेच थांबू नये."

मी म्हटलं, "मी तर प्रेमानं बघते गं."

"ते मला माहीत आहे," मुंगी म्हणाली.

गेल्या महिन्यात तिचा चेहरा बघून मी इथेच लिहिलं होतं, काम फारसं राहिलेलं नाही. मागचं पान उलटून बघितलं आणि माझीच मला किळस आली.

१६ मार्च

जेवताना मान वर करायची नाही असं ठरवलंय. फार अवघड आहे. काल स्वतःच्या ताटाकडे एकटक बघताना पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं. हे म्हणाले, "आज काय, टेबलाला आंघोळ?" मुंगी हसली नाही, पण ओठ हलले.

यांच्याशी बोलायला लागले. विचारलं, "खरंच पाव खात बसायचे मी?" म्हणाले, "रोज. आणि पैसे द्यायला विसरायचीस."

डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई करू नका. काही दिवस ती चार घास खाते, काही दिवस दोन घासांवर उठते. उठली की मला वाटतं ओरडावं. ओरडत नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते.

२ एप्रिल

प्रदर्शन भरलं. रद्द करणार होते. मुंगीच म्हणाली, "भरव. पण खरं सांग." म्हणून भिंतींवर मोठे प्रिंट आहेत, आणि मधोमध आमचं उतरतं टेबल. काचेवर माझी निगेटिव्ह, खालून दिवा, शेजारी दोरीला बांधलेलं भिंग. जो येईल त्याला मी पात्याची खूण दाखवते. पहिल्यांदा दाखवताना कान तापले. फिकट फ्रॉकमधला मुंगीचा फोटो नाही. तो पुन्हा काढलाच नाही.

पोस्टातून रिटायर झालेल्या मावशी नातीला घेऊन आल्या. स्वतःचा फोटो सापडताच नातीला पुढे ढकललं. "बघ, तुझ्या वयाची असताना मी अशी होते. हनुवटी बघ, कशी कोरल्यासारखी. नाहीतर तू!"

नात बिचारी जमिनीकडे बघायला लागली. मला राहवेना.

"मावशी, ती हनुवटी माझी आहे."

"म्हणजे?"

"मी कोरलेली. तुमची खालची घडी मीच पेन्सिलीनं भरून काढली. चांगली दुपारभर बसले होते."

मावशींनी फोटोकडे बघितलं, स्वतःच्या हनुवटीला हात लावला. मला वाटलं आता माझी खैर नाही. "मेले," त्या हळूच म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? त्या हनुवटीपायी मी हिच्या आईला एक घास सुखाचा खाऊ दिला नाही." आणि खुर्ची ओढून बसल्याच. नात त्यांना पाणी आणायला धावली.

संध्याकाळपर्यंत अशा तिघी-चौघी झाल्या. एक रागावून तडक निघून गेली. एकीनं विचारलं, "माझा तेवढा राहू द्याल का तसाच? घरी सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगत. तिचं दुःख मला कळतं. तो फोटो म्हणजे तिच्या तरुणपणाची एकच वस्तू आहे, आणि मी ती हातातून काढून घेत होते.

१८ एप्रिल

मुंगी परत कामाला जायला लागली. सध्या फक्त रोपांना पाणी घालायचं, उचलाउचल नाही. येताना नखांत माती घेऊन येते.

संध्याकाळी जेवायला बसलो. भात, बटाट्याची भाजी, पाव आणि लोणी. मी माझ्या ताटात डोकं घालून बसले होते. यांनी बेकरीतल्या कुठल्यातरी उंदराची गोष्ट लावली होती, अर्धी खोटी. तेवढ्यात भांड्यात डाव गेल्याचा आवाज आला. मुंगीच्या बाजूनं. ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती. मी भाताची शितं मोजल्यासारखी बघत राहिले. हे बोलता बोलता थांबले, मग मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागले.

"आई," मुंगी म्हणाली, "वर बघ."

"नको गं."

"बघ. मी सांगतेय म्हणून बघ."

मी बघितलं. खोटं कशाला लिहू, मनातला हात आधी सुरू झालाच. डोळ्यांखाली गेला, मग गालाच्या खड्ड्यात, कपाळावरच्या नव्या व्रणावर. पण तिच्या तोंडात घास होता. गाल फुगत होता, खाली बसत होता, हनुवटी हलत होती, ओठाला लोणी लागलं होतं. तो चेहरा एका जागी थांबतच नव्हता. पेन्सिल टेकवायची कुठे? मी नुसती बघत राहिले. किती वर्षांनी, ते मलाच आठवत नाही.

तिनं घास गिळला. "काय दिसलं?"

मी म्हटलं, "तुला भूक लागलीय."

"हो, लागलीय," मुंगी म्हणाली, आणि भांडं स्वतःकडे ओढलं.